चित्रमय इतिहासाचं पुस्तक घेताय? आधी चित्राखालची ओळ वाचा

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील निवृत्त झालेत, इतिहासाची आवड जुनी, पण बारीक टाइपातली जाडजूड पुस्तकं आता त्यांच्याच्याने होत नाहीत. मुलगी आठवीत आहे आणि तिला गडकिल्ल्यांचं वेड लागलंय. दोघांनी मिळून चाळावीत, वाचावीत अशी चित्रमय पुस्तकं हवीत. बजेट साधारण पाच हजार, मराठी असली तर उत्तम, इंग्रजीही चालतील. तेव्हा नावं सुचवा.

नावांची यादी मी मुद्दाम देत नाहीये. मराठीतली चांगली सचित्र पुस्तकं एकदा संपली की वर्षानुवर्षं पुन्हा निघत नाहीत. निघालीच तर कधी कागद उतरलेला असतो, कधी रंगीत चित्रं काळी-पांढरी झालेली असतात. नाव तेच, पण घरी येणारी वस्तू वेगळी. मी आधी पुस्तकांच्या दुकानात काउंटरवर होते आणि आता सार्वजनिक ग्रंथालयासाठी खरेदी करते. दोन्हीकडे एकच पाहिलं: यादी घेऊन येणाऱ्याला यादीतलं निम्मं मिळत नाही आणि मग तो समोर जे गुळगुळीत, चकचकीत दिसेल ते उचलतो. म्हणून पुस्तक हातात आल्यावर ते घरी न्यायच्या लायकीचं आहे का, हे कसं ओळखायचं ते सांगते. एकदा ते जमलं की यादीची गरज उरत नाही.

काही गोष्टी अर्थातच तुमच्या परिस्थितीवर ठरतील. वडिलांना मोतीबिंदूचा त्रास आहे की नुसता कंटाळा आहे, तुम्ही पुण्या-मुंबईत आहात की जिथे पुस्तकं फक्त ऑनलाइन मागवावी लागतात तिथे, मुलीला इंग्रजी सहज वाचता येतं का, हे मला माहीत नाही. एक मात्र कुठेही लागू पडेल: विषय जितका आखूड, तितकं पुस्तक चांगलं निघण्याची शक्यता जास्त. तीनशे पानांत अख्ख्या जगाचा इतिहास कोंबणाऱ्या मोठ्या परदेशी ग्रंथांत चित्रं देखणी असतात, पण मराठ्यांच्या वाट्याला त्यात अर्धं पान आलं तरी नशीब. एक किल्ला, एक शहर, एक लेणं, एक लढाई, नाणी, जुने नकाशे अशा एकाच गोष्टीवरचं पुस्तक घ्या. जिज्ञासू माणसाला थोडं-थोडं सगळं नको असतं, एखादी गोष्ट नीट कळायला हवी असते.

आता मुद्द्याचं. पुस्तक उघडलं की मजकूर वाचू नका. चित्राखालची ओळ वाचा. ती ओळ चार गोष्टी सांगते का ते बघा: चित्र कोणी काढलं, कधी काढलं, दाखवलेल्या प्रसंगानंतर किती वर्षांनी काढलं आणि मूळ चित्र आज कुठे आहे. नुसतं ‘छत्रपती शिवाजी महाराज’ किंवा ‘पेशव्यांचा दरबार’ एवढंच लिहिलं असेल, तर ते चित्र जागा भरायला टाकलेलं आहे. संपादकाने स्वतःच त्याकडे नीट पाहिलेलं नाही. मग तुमच्या वडिलांनी का पाहावं?

हे किती महत्त्वाचं आहे त्याचं उदाहरण आपल्या घरातलंच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिवाजी महाराजांचं म्हणून जे एक चित्र सर्रास छापलं जायचं, ते मुळात इब्राहिम खान नावाच्या दुसऱ्याच माणसाचं होतं. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांचा माग काढत १९३३ साली महाराजांचं खरं चित्र लोकांपुढे आणलं, तेव्हा तो गोंधळ मिटला. म्हणजे शिकलेले लोक, छापखाने, पुस्तकं सगळे एका चुकीच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि चित्राखालची ओळ कोणी तपासली नव्हती. आज महाराजांची जुनी चित्रं अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये, पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. पॅरिसचं चित्र निकोलाओ मनुची या इटालियन प्रवाशाच्या संग्रहातलं, मीर मुहम्मद या चित्रकाराने काढलेलं, महाराज घोड्यावर असलेलं. अ‍ॅमस्टरडॅमचं गोवळकोंड्याच्या शैलीतलं, १६८०च्या दशकातलं. चांगलं पुस्तक ही दोन्ही चित्रं शेजारी छापतं आणि त्यांत साम्य काय, फरक काय ते सांगतं. आठवीतली मुलगी अशा पानावर अर्धा तास सहज घालवेल.

दुसरं उदाहरण मी ग्रंथालयात येणाऱ्यांना नेहमी दाखवते, कारण त्यात सगळा धडा एका चौकटीत आहे. शनिवारवाड्यातल्या दरबाराचं ते भव्य तैलचित्र तुम्ही पाहिलं असेल: सवाई माधवराव गादीवर आहेत आणि इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट टिपूविरुद्धच्या तहाचा कागद देतोय. प्रसंग १७९०चा. चित्र पुरं केलं थॉमस डॅनियलने, १८०५ साली, इंग्लंडमध्ये बसून. तो त्या दरबारात नव्हताच. त्याने वापरली जेम्स वेल्स या चित्रकाराची रेखाटनं आणि वेल्स मुंबईत उतरला १७९१ साली, म्हणजे तह होऊन गेल्यावर. पुढे तो पुण्यात राहिला, पेशव्यांची, नाना फडणीसांची चित्रं त्याने त्यांना समोर बसवून काढली आणि १७९५ साली वारला. मग या चित्रावर विश्वास ठेवायचा की नाही? चेहऱ्यांवर बराच ठेवा, ते समोर बघून काढलेले आहेत. कोण कुठे बसलं होतं, कोणाचा हात कसा पुढे झाला, यावर बेताने. आणि हे चित्र करवून घेणारा मॅलेट होता, हेही ध्यानात ठेवा. (वेल्सची मुलगी पुढे त्याचीच बायको झाली, तेव्हा मामला घरचाच.) शनिवारवाडा १८२८च्या आगीत जळाला, त्यामुळे आतला दिवाणखाना कसा होता हे पाहायला अशाच चित्रांकडे जावं लागतं. एवढी हकिकत ज्या पुस्तकात चित्राखाली चार ओळींत दिलेली असेल, ते पुस्तक किंमत न बघता घ्या.

फोटो असले की आपण निर्धास्त होतो. होऊ नये. लखनौच्या सिकंदर बागेचा फेलिचे बियातोने काढलेला फोटो १८५७वरच्या बहुतेक सचित्र पुस्तकांत असतो: पडकी इमारत, समोर अंगणात विखुरलेले सांगाडे. लढाई झाली नोव्हेंबर १८५७मध्ये, फोटो १८५८मधला. मधल्या महिन्यांत प्रेतं काय तशीच पडून होती? ते सांगाडे फोटोसाठी मांडले गेले असं अभ्यासक मानतात. जे पुस्तक हा फोटो ‘लढाईनंतरचं दृश्य’ म्हणून नुसता छापून पुढे जातं, त्याच्या बाकीच्या फोटोंवरही मी फार भरवसा ठेवत नाही.

लेण्यांवरचं पुस्तक घेणार असाल तर आणखी एक गोम आहे. अजिंठ्याची चित्रं म्हणून जे छापलेलं असतं ते नेहमी भिंतीवरचं नसतं, पुष्कळदा ती कोणीतरी केलेली नक्कल असते. रॉबर्ट गिलने १८४४पासून वर्षानुवर्षं तिथे राहून नकला केल्या, त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या जॉन ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ पुन्हा तेच काम केलं, आणि त्यातल्याही बऱ्याच लंडनमध्ये साउथ केन्सिंग्टनला जळाल्या. काय म्हणावं या नशिबाला! तरी ग्रिफिथ्सचे छापील खंड राहिले आणि त्यातली चित्रं आजही पुस्तकांत फिरतात. ती वाईट मुळीच नाहीत, उलट आज भिंतीवरून उडालेला भाग त्यांत कधी कधी दिसतो. फक्त नक्कल आहे हे लिहिलेलं हवं. भिंतीवरच्या चित्रांचे फोटोही पिवळट दिसतात, त्याला एक कारण १९२०च्या सुमाराला निजामाच्या काळात इटालियन तज्ज्ञांनी लावलेला लाखेचा लेप हे आहे. तेव्हा एका पुस्तकात पद्मपाणी (अजिंठ्यातलं कमळ धरलेल्या बोधिसत्त्वाचं प्रसिद्ध चित्र) तपकिरी आणि दुसऱ्यात हिरवट दिसला, तर चकचकीत रंगांचं पुस्तक आपोआप जास्त खरं ठरत नाही. रंग वाढवून छापणं संगणकावर दोन मिनिटांचं काम आहे.

मग कल्पनाचित्रं? आजच्या चित्रकाराने काढलेले प्रसंग, आपल्याकडच्या बहुतेक मुलांच्या पुस्तकांत असतात तसे? त्यांना नाकं मुरडणाऱ्यांतली मी नाही. मुलांना इतिहासाची गोडी त्यांनीच लागते, मोठ्यांनाही लागते. पण चित्रकाराने वाचून काढलंय की कॅलेंडर बघून, हे तपासता येतं. रायगडावरचा राज्याभिषेक घ्या, ६ जून १६७४चा. त्याचं त्या वेळी तिथे बसून काढलेलं चित्र आपल्याकडे नाही. पण इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तिथे हजर होता आणि त्याने पाहिलेलं लिहून ठेवलंय. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोन्याचा मुलामा दिलेल्या भाल्यांवर चिन्हं लावलेली होती: उजवीकडे मोठाल्या दातांची दोन मत्स्यशिरं, डावीकडे घोड्यांच्या शेपट्या, आणि एका भाल्यावर समतोल असलेला सोन्याचा तराजू, न्यायाचं चिन्ह म्हणून. राजवाड्याच्या दाराशी दोन लहान हत्ती नि दोन उमदे घोडे होते, आणि हे हत्ती एवढ्या अवघड वाटेने वर आणले कसे याचं त्याला नवल वाटलं. आता पुस्तकातलं राज्याभिषेकाचं चित्र काढा आणि मासे शोधा. तराजू शोधा. सापडले, तर चित्रकाराच्या मागे अभ्यास आहे. त्याऐवजी पौराणिक सिनेमात शोभेल असं सिंहासन आणि वर आज गडावर दिसते ती मेघडंबरी (सिंहासनाच्या जागेवरची छत्री) असेल, तर चित्रकार गडावर सहलीला जाऊन आलाय एवढंच सिद्ध होतं. ती मेघडंबरी अलीकडची आहे आणि महाराजांच्या समाधीवरचं आजचं बांधकामही विसाव्या शतकातलं.

असे घोटाळे शोधणं हा मुलीसाठी खेळ होऊ शकतो. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, त्या चित्रात मागे व्हीटीची इमारत असेल तर ती पंचवीस वर्षं आधीच उगवली आहे, कारण बांधकामच १८७८ साली सुरू झालं. १९११ साली पंचम जॉर्ज अपोलो बंदरावर उतरले तेव्हाचं चित्र असेल आणि मागे दगडी गेटवे उभा असेल तर तेही तसंच, गेटवे पुरा झाला १९२४ला. यादवांच्या देवगिरीतल्या बाजारात लाल मिरच्यांचे ढीग आणि मक्याची कणसं दिसली तर पुस्तक मिटून ठेवा. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली, यादव तेव्हा जाऊन दोनशे वर्षं होत आली होती.

नकाशांवर मी जरा जास्तच कडक आहे. गडकिल्ल्यांच्या वेड्या मुलीला आणि निवृत्त आजोबांना एकत्र बसवणारी गोष्ट म्हणजे नकाशा. त्यामुळे तो वाईट असेल तर पुस्तकाचा जीवच गेला. प्रमाणपट्टी आहे का, मजकुरात येणारी गावं नकाशावर आहेत का (हे दोन पानं वाचून लगेच कळतं), आणि खात्रीचं काय, अंदाजाचं काय, हे वेगवेगळं दाखवलंय का, एवढं बघा. १७५८ साली मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या हे खरं. पण पुण्यापासून अटकेपर्यंत सगळा भाग एकाच भगव्या रंगाने भरला की थेट राज्य कुठे होतं, फक्त चौथाई कुठून येत होती आणि फौज नुसती जाऊन कुठून परत आली, हे सगळं पुसलं जातं. छाती फुगते, पण तीन वर्षांत पानिपत का झालं हे मात्र कळत नाही. तसंच आग्र्याहून सुटकेचं. ऑगस्ट १६६६मध्ये महाराज निसटले, पण परतीची वाट नेमकी कोणती याबद्दल मतभेद आहेत. ती वाट तुटक रेषेने दाखवणारं पुस्तक मला आवडतं. ठसठशीत लाल बाण दाखवणाऱ्याला ती बहुधा स्वप्नात दिसली असावी.

पानिपतावरून आठवलं. चित्र कोणाच्या बाजूने काढलंय हेही बघायला शिकवा. ब्रिटिश लायब्ररीत पानिपतच्या लढाईचं साधारण १७७०चं मोठं चित्र आहे, फैजाबाद शैलीतलं. फैजाबाद म्हणजे अवधचा नवाब शुजाउद्दौला याचं गाव आणि शुजा होता अब्दालीच्या बाजूला. आपल्या पराभवाचं चित्र पलीकडच्या छावणीतून कसं दिसतं, यावर आजोबा-नातीची चांगली जुंपेल.

छपाईचं थोडक्यात सांगते. चित्र दोन पानांवर पसरलेलं असेल आणि मुख्य चेहराच मधल्या बांधणीत गेला असेल, तर मांडणी करणाऱ्याने पुस्तक हातात धरून पाहिलेलं नाही. पुस्तक मधोमध उघडा, ते सपाट राहतं का बघा. नुसत्या गोंदाने चिकटवलेलं असेल तर वर्षभरात पानं सुटतात. शिवलेली बांधणी थोडी महाग पडते पण टिकते. वडिलांसाठी चकाकणारा आर्ट पेपर नको, दिव्याखाली डोळ्यांवर तिरीप येते. मॅट कागद घ्या. आणि वजन! कॉफी टेबल बुक म्हणून जी धोंडं विकतात ती म्हातारपणी मांडीवर घेऊन वाचता येत नाहीत, टेबलावर ठेवूनच वाचावी लागतात. शेवटी सूची आणि चित्रांची श्रेयनामावली आहे ना, हे पाहायला विसरू नका. श्रेयनामावलीत संग्रहालयांची, ग्रंथालयांची नावं असतील तर प्रकाशकाने परवानग्या काढल्यात, पैसे खर्च केलेत. ‘सर्व चित्रे इंटरनेटवरून साभार’ असं असेल तर तुम्हीही ती इंटरनेटवरून घेऊ शकता.

ही थट्टा नाही, खरंच घेऊ शकता. राइक्सम्युझियम आणि अमेरिकेतलं येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्ट ही दोन्ही संग्रहालयं जुनी चित्रं मोठ्या आकारात फुकट उतरवून घेऊ देतात. येलकडे गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराची वेरूळची रेखाटनं आहेत आणि पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातल्या गेंड्याचं १७९०चं एक चित्र आहे. मुलीला ते जरूर शोधायला सांगा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. चित्रांच्या बाबतीत ती बहुतेक कोरडीच, पण मजकूर भक्कम. मराठीत मजकूर चांगला आणि चित्रं सुमार, इंग्रजीत चित्रं सुरेख आणि गावांची नावं वाटेल तशी, असं बऱ्याचदा होतं. अशा वेळी मी दोन्ही घ्यायला सांगते: मराठी वाचायला, इंग्रजी बघायला.

पाच हजार एकदम खर्च करू नका. आधी जवळच्या ग्रंथालयातून तीन-चार सचित्र पुस्तकं आणा आणि नुसती टेबलावर ठेवा. कोणतं पुस्तक आपणहून उघडलं जातं ते पंधरा दिवसांत कळेल. मग अडीच-तीन हजारांचं एकच मोठं पुस्तक घ्या, त्या विषयावरचं, वरच्या कसोट्या लावून. उरलेल्यांतून सातशे-आठशेची दोन लहान मराठी पुस्तकं आणि एक चांगलं भिंग. भिंगाला हसू नका, मत्स्यशिरांचे दात त्याशिवाय दिसायचे नाहीत. ऑनलाइन मागवणार असाल तर आतल्या पानांचे नमुने दिलेले असतील तरच मागवा, नुसत्या मुखपृष्ठावर नाही. आणि पुस्तक मुलीच्या वाढदिवसाला म्हणून देऊ नका, वडिलांच्या नावाने घ्या. आजोबांच्या पुस्तकाला हात लावायची परवानगी मागावी लागली की ते जास्त वाचलं जातं, हे मी काउंटरवर उभी राहून बघितलेलं आहे.